पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या सभागृहात संध्याकाळी सहा ते आठ या वेळात एक छोटी अभ्यासिका चालते. आठवी ते दहावीची पंधरा-वीस मुले तिथे येतात. काही आमच्याच इमारतींमधली असतात, काही जवळच्या वस्तीतली, जिथे घरात अभ्यासापुरता एक शांत कोपरा मिळणेही अवघड असते. पंचवीस वर्षे शाळेत विज्ञान आणि गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मी या मुलांबरोबर बसू लागले. वर्गात फळ्यापाशी उभे राहून मुले ऐकताना दिसतात. शेजारी बसल्यावर ती अभ्यास कसा करतात ते दिसते. हे दुसरे दृश्य मी इतक्या वर्षांत नीट पाहिलेच नव्हते, याची खंत मला अजूनही वाटते.

गेल्या वर्षी पहिल्या घटक चाचणीनंतर दहावीतली एक मुलगी उत्तरपत्रिका घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. विज्ञानात तिला वीसपैकी आठ गुण होते आणि ती रडवेली झाली होती. "बाई, मला सगळं येत होतं," ती म्हणाली, "आदल्या रात्री पाच वेळा वाचलं होतं. पेपर हातात आला आणि काही आठवेचना." मी तिचे पुस्तक मागितले. 'गुरुत्वाकर्षण' हा पहिलाच धडा पिवळ्या, हिरव्या आणि गुलाबी रंगांनी इतका रंगवलेला होता की न रंगवलेली ओळ शोधावी लागत होती. कष्टांत तिने काही कसर ठेवलेली नव्हती. मी पुस्तक मिटले, एक कोरा कागद तिच्यापुढे ठेवला आणि मुक्तिवेग (ग्रहाच्या ओढीतून कायमचे सुटायला लागणारा किमान वेग) म्हणजे काय आणि त्याचे सूत्र कसे मिळते ते लिहायला सांगितले. तिने क्षणाचाही विलंब न लावता '११.२ किमी प्रति सेकंद' असे लिहिले, कारण तो आकडा पुस्तकात गुलाबी रंगात होता. त्यानंतर पेन थांबले. वस्तूची गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा यांची बेरीज शून्य होते, या पहिल्या पायरीपर्यंतही ती पोहोचली नाही. मी पुस्तक उघडून दाखवले, तेव्हा तिचा चेहरा उजळला आणि ती म्हणाली, "अय्या, हे तर मला माहीत होतं!"

ते तिला खरोखरच माहीत होते, पण ओळखीपुरते. ओळख पटणे आणि आठवणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. वर्षानुवर्षे वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून कोथरूडहून कॅम्पात जाणाऱ्या मुलाला वाटेतला प्रत्येक चौक ओळखीचा असतो. पण एके दिवशी हँडल त्याच्या हातात दिले, तर पेठांतल्या एकेरी रस्त्यांमधून नेमके कुठे वळायचे हे त्याला सांगता येत नाही. पाचव्यांदा धडा वाचताना प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटते, डोळे सरसर पुढे सरकतात, आणि या सरावलेपणालाच विद्यार्थी 'झालं माझं' असे समजतो. परीक्षेत मात्र पुस्तक समोर नसते, केवळ प्रश्न असतो. तिथे ओळखीचा काही उपयोग नसतो.

या फरकाचा शोध घेणारा एक सुंदर प्रयोग अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना शास्त्रीय विषयावरचे छोटे उतारे दिले होते. एका गटाने चार सत्रांत उतारा पुन्हा पुन्हा वाचला. त्यांची एकूण वाचने सरासरी चौदाच्या वर गेली. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात उतारा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा न पाहता, आठवेल तेवढे कागदावर लिहिले. त्यांची वाचने सरासरी तीन-साडेतीन होती. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता, त्यांना ८३ टक्के आठवत होते आणि लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. एका आठवड्यानंतर चित्र उलटे झाले होते. वाचणाऱ्यांजवळ ४० टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांजवळ ६१ टक्के. विशेष म्हणजे लिहिणाऱ्या गटाला मधल्या काळात कोणी चुकाही दाखवून दिलेल्या नव्हत्या. निव्वळ आठवण्याच्या श्रमाचा तो परिणाम होता.

मला यातला पाच मिनिटांचा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. मुलांची फसगत नेमकी तिथे होते. वाचून लगेच स्वतःला तपासले तर वाचन हीच उत्तम पद्धत आहे असे दिसते, त्यामुळे मूल प्रामाणिकपणे त्याच पद्धतीला चिकटून राहते. त्याच दोघांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले चाळीस शब्द अर्थांसह शिकवले. एकदा बरोबर आलेला शब्द ज्या गटांना पुढेही पुन्हा पुन्हा विचारला गेला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के अर्थ सांगता आले; एकदा बरोबर आला म्हणून ज्यांना तो पुन्हा विचारला गेला नाही, त्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. हे शब्द एकदा आल्यानंतर पुन्हा वाचले की नाही, याने जवळजवळ काही फरक पडला नाही. आणि आपल्याला किती आठवेल याचा अंदाज आधी विचारला होता, तेव्हा सर्व गटांनी साधारण निम्मे असेच सांगितले होते. आपल्या स्मरणाबद्दलचा आपला अंदाज असा कच्चा असतो, आणि मुलाला 'तुझं झालं का?' असे विचारून मिळणारे उत्तर म्हणूनच विश्वासार्ह नसते. मूल खोटे बोलत नसते, त्याला ते आतून कळतच नसते.

मेंदूत यावेळी काय घडते? नववीच्या विज्ञानात आपण चेतापेशींची आकृती काढायला शिकवतो, पण या पेशींचा आणि समोर चाललेल्या अभ्यासाचा संबंध मुलांना क्वचितच सांगतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, असे ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांच्या गटाने २००९ मध्ये मोजून सांगितले. एक आठवण कुठल्या एका पेशीत साठलेली नसते. ती अनेक पेशींच्या जाळ्यात, त्यांच्यातील जोडण्यांच्या बळावर टिकलेली असते. दोन पेशी एकमेकींना वारंवार उद्दीपित करत राहिल्या, तर त्यांच्यातील जोडणी दीर्घकाळ मजबूत होते, हे टिमोथी ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूत दाखवले. तो भाग होता हिप्पोकॅम्पस, कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेला, समुद्रघोड्यासारख्या वळणाचा एक अवयव. नवीन आठवणी घडवण्यात त्याचा वाटा किती मोठा आहे, हे हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णामुळे जगाला कळले. १९५३ मध्ये अपस्मारावरील शस्त्रक्रियेत त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकण्यात आला, आणि त्यानंतर भेटलेली माणसे, वाचलेली पाने, काहीच त्यांच्या मनात राहिनासे झाले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. मधली पंचावन्न वर्षे त्यांनी शास्त्रज्ञांना ज्या सौजन्याने सहकार्य केले, त्याच्या ऋणात आपण सगळे शिक्षक आहोत, असे मला वाटते.

पुस्तक समोर ठेवून वाचताना उत्तर डोळ्यांवाटे आयते येते, आतल्या जाळ्याला ते स्वतः उभे करावे लागत नाही. पुस्तक मिटून आठवायला बसले की हेच जाळे आतून जागे करावे लागते, चुकीच्या वाटा सोडाव्या लागतात, अर्धवट सापडलेल्या धाग्यावरून पुढचा धागा ओढावा लागतो, आणि या खटपटीत पुढच्या वेळी त्याच ठिकाणी पोहोचण्याची वाट रुळते. म्हणून आठवताना जो त्रास होतो, त्याला घाबरू नये, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. 'आठवत नाही' म्हणजे 'मला येत नाही' असा अर्थ लावून ती लगेच पान उलटून पाहतात. मी त्यांना सांगते की आणखी एक मिनिट थांबा, जे सुचेल ते लिहा, चुकले तरी चालेल, मगच पुस्तक उघडा. मात्र पुस्तक उघडून ताडून पाहणे अजिबात टाळायचे नाही, कारण चुकीचे उत्तर तसेच राहिले तर तेच पक्के होण्याची भीती असते.

हे सगळे वाचत असताना मला आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यातला परवचा आठवला. दिवेलागणीला देवापुढे समई लावली की आम्ही सगळी भावंडे ओळीने बसायचो. शुभंकरोती झाले की पाढे, आणि मोठ्यांसाठी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. कोणाच्याही हातात पुस्तक नसे. आजोबा सरळ क्रमाने म्हणवून घेत आणि मग मध्येच एखाद्याला विचारत, "सतरा साते?" उत्तर अडले तर ते थोडे थांबत, लगेच सांगून टाकत नसत, चुकले तर तिथल्या तिथे दुरुस्त करत. आणि हे दररोज, वर्षानुवर्षे, पंधरा-वीस मिनिटे. न पाहता आठवणे, क्रम मोडून विचारणे, चूक लगेच सुधारणे आणि थोडे थोडे रोज करणे, या चारही गोष्टी त्यात होत्या. आज प्रयोगशाळांतून ज्याची शिफारस होते त्यातले बरेचसे आपल्या ओसरीवर चालत होते, हे लक्षात आल्यावर मला गहिवरून आले.

यावर कोणी म्हणेल की ही तर घोकंपट्टीची भलामण झाली. माझे मत असे आहे की घोकंपट्टी या एकाच शब्दाखाली आपण दोन फार वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. अर्थ न समजता, पुस्तक उघडे ठेवून, एका रात्रीत तीच ओळ शंभर वेळा म्हणणे वाईटच आहे. पण समजलेली गोष्ट न पाहता आठवण्याचा नियमित सराव वाईट नाही. उलट त्याच्याशिवाय समजही टिकत नाही. पाठांतराच्या नावाने बोटे मोडता मोडता आपण परवचाही घालवला आणि घोकंपट्टी मात्र राहिली.

अंतर ठेवून उजळणी करण्याविषयी आता थोडे लिहिते, कारण यात मुलांचे सर्वाधिक नुकसान होते. ज्या १८८५ साली पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले, त्याच साली जर्मनीत हेरमान एबिंगहाउस यांचा स्मरणशक्तीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी सुमारे २३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले, त्यांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि किती काळाने किती उरते हे चिकाटीने मोजले. यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे त्यांचे माप होते. वीस मिनिटांनी ही बचत ५८ टक्के होती, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ च्या आसपास आणि एका महिन्याने २१. विस्मरणाचा हा उतार सुरुवातीला कड्यासारखा सरळ आहे आणि पुढे पठारासारखा सपाट होत जातो. अर्थपूर्ण मजकूर यापेक्षा सावकाश विसरला जातो, पण उताराचा आकार साधारण असाच राहतो. श्रम एका दिवसात ओतण्यापेक्षा काही दिवसांत वाटले तर कमी श्रमांत काम भागते, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवले होते.

सव्वाशे वर्षांनंतर निकोलस सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेराशेहून अधिक लोकांवर प्रयोग करून हे अंतर किती असावे ते पाहिले. आठवड्याने परीक्षा असेल तर दोन अभ्यासांमध्ये एखाद्या दिवसाचे अंतर उत्तम ठरले. परीक्षा जवळजवळ वर्षभराने असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे. म्हणजे परीक्षा जितकी लांब, तितके अंतर मोठे ठेवणे हिताचे. आता आपल्याकडचे वेळापत्रक पाहा. जूनमध्ये शिकवलेला धडा मूल घटक चाचणीच्या आदल्या रात्री वाचते, दिवाळीपूर्वी सहामाहीच्या आदल्या रात्री वाचते आणि मग थेट पूर्वपरीक्षेला उघडते, तेव्हा तो पुन्हा नवा झालेला असतो. मार्चमध्ये जो ताण येतो, त्यातला पुष्कळसा या मधल्या कोऱ्या महिन्यांचा असतो.

हे अंतर का लागते, याचे एक उत्तर समुद्रातल्या एका बिनशंखाच्या गोगलगायीने दिले. एरिक कँडेल यांनी ॲप्लिसिया या प्राण्याच्या मोठ्या, सहज मोजता येणाऱ्या चेतापेशींवर कित्येक वर्षे काम केले आणि त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. थोड्याशा अनुभवाने पेशींच्या जोडणीत तात्पुरता बदल होतो. तो काही मिनिटे ते तास टिकतो. तोच अनुभव अंतराने पुन्हा पुन्हा मिळाला, तर पेशीकेंद्रकातील जनुके कामाला लागतात, नवी प्रथिने तयार होतात आणि नव्या जोडण्या अक्षरशः वाढतात. वाढीला वेळ लागतो, घाई केली म्हणून ती होत नाही. मुलांना हे सांगितले की त्यांचे डोळे विस्फारतात. अभ्यासाने डोक्यात काहीतरी खरोखर उगवते, ही कल्पना त्यांना कुठल्याही उपदेशापेक्षा अधिक पटते, असा माझा अनुभव आहे.

आमच्या अभ्यासिकेत यासाठी मिठाईची रिकामी खोकी वापरतो. प्रत्येक मुलाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे आहेत. धडा समजला की मूल स्वतः प्रश्न तयार करून चिठ्ठ्या लिहिते, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर. पहिल्या कप्प्यातल्या चिठ्ठ्या दर दिवसाआड, दुसऱ्यातल्या आठवड्याने आणि तिसऱ्यातल्या महिन्याने विचारल्या जातात. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की पहिल्या कप्प्यात परत येते. तिसऱ्या कप्प्यातून मात्र चिठ्ठी वर्षभर बाहेर फेकायची नाही, हा नियम मी स्वाहिली शब्दांच्या त्या प्रयोगावरून केला. प्रश्न 'का' आणि 'कसे' असे असावेत असा माझा आग्रह असतो. 'मुक्तिवेग किती?' या चिठ्ठीपेक्षा 'चंद्रावरचा मुक्तिवेग पृथ्वीपेक्षा कमी का?' ही चिठ्ठी कितीतरी अधिक काम करते, कारण तिचे उत्तर आठवताना सूत्र, वस्तुमान आणि त्रिज्या ही सगळी साखळी ओढून काढावी लागते.

गणिताचे दुखणे थोडे वेगळे आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रत्येक पद्धतीनंतर सरावसंच असतो आणि प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह. मुले सरावसंच भराभर सोडवतात, कारण वर्गसमीकरण अवयव पाडून सोडवायचे आहे की सूत्राने, हे शीर्षकानेच सांगून टाकलेले असते. संकीर्ण प्रश्नसंग्रहाशी ती अडखळतात आणि वेळ नाही म्हणून तोच गाळला जातो, अनेकदा आम्हा शिक्षकांकडूनही. मीही तसे केलेले आहे. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलग सोडवणाऱ्या गटाला २० टक्के आणि मिसळून सोडवणाऱ्या गटाला ६३ टक्के मिळाले. उदाहरण पाहून कोणती पद्धत लावायची हे ठरवणे, हाच गणिताचा गाभा आहे आणि सलग सरावात तो विद्यार्थ्याच्या वाट्यालाच येत नाही. त्यामुळे दहावीच्या मुलांना मी आता 'महत्त्वमापन' शिकताना रोज दोन उदाहरणे 'समरूपता'ची आणि दोन 'त्रिकोणमिती'ची घालून देते. सुरुवातीला ती कुरकुरतात, चुका वाढतात, पालकही चिंतेने विचारतात की आधी चांगले येत होते, आता काय झाले. त्यांना धीर द्यावा लागतो.

झोपेविषयी मला अधिक कळकळीने लिहायचे आहे. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत पहाटे चारला उठून अभ्यास करण्याचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि रात्री नऊला झोपणाऱ्या घरात ते योग्यच होते. आज तेच मूल क्लासहून साडेआठला घरी येते, जेवून गृहपाठ करते, बाराला झोपते आणि सकाळी सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठते. किशोरवयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते, झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन रात्री उशिरा वाढू लागते. त्यामुळे रात्री लवकर झोप न येणे हा या वयातल्या मुलांचा आळस नसतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्राविज्ञानातील तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे, आणि आमच्या अभ्यासिकेतली बहुतेक मुले साडेपाच-सहा तासांवर दिवस काढतात.

आणि झोप म्हणजे अभ्यासातून वजा झालेला वेळ, हे गणितच चुकीचे आहे. १९२४ मध्येच कॉर्नेल विद्यापीठातील जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवले होते की पाठ केल्यावर झोपलेल्या माणसाला, तेवढाच वेळ जागे राहिलेल्या माणसापेक्षा पुष्कळ जास्त आठवते. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींची नोंद घेतली, तेव्हा दिवसा वाटा धुंडाळताना ज्या पेशी एकत्र उद्दीपित झाल्या होत्या, त्याच गाढ झोपेतही पुन्हा एकत्र जाग्या होताना आढळल्या. दिवसभराच्या शिकण्याची उजळणी मेंदू झोपेत स्वतःच करतो, असेच म्हणायला हवे. परीक्षेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागणारे मूल त्या उजळणीवर पाणी सोडते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय घेतला. लहानग्यांसाठी तो स्वागतार्हच आहे, परंतु शास्त्राकडे पाहिले तर उशिरा भरणाऱ्या शाळेची गरज त्यांच्या दादा-ताईंना अधिक आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी भूमिका घेतली ती याच कारणासाठी. दोन पाळ्यांत चालणाऱ्या आपल्या शाळांना, अपुऱ्या वर्गखोल्यांत, हे सोपे नाही, याची मला कल्पना आहे. तरीही निदान सातच्या शाळेतल्या मुलाला पहाटेचा जादा तास लावू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

मेंदूविज्ञानाच्या नावाने बाजारात जे विकले जाते, त्याविषयी पालक मला नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात लिहिते. डोळे बांधून वाचता येईल असे सांगणाऱ्या 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या वर्गांना कोणताही शास्त्रीय आधार नाही. त्यावर पैसे घालवू नयेत. आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो हे खोटे आहे. मूल 'दृश्य' प्रकारचे की 'श्राव्य' प्रकारचे हे ठरवून तसेच शिकवल्याने ते अधिक शिकते, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सर्व संशोधन तपासून काढला होता. आकृतीचा विषय सर्वांनीच आकृती काढून शिकावा आणि कविता सर्वांनीच मोठ्याने म्हणावी. मोबाइलबद्दल मी एकच नियम केला आहे, अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत असावा. दोन गोष्टी एकाच वेळी लक्ष देऊन करता येत नाहीत, लक्ष केवळ इकडून तिकडे धावते आणि प्रत्येक फेरीत थोडे सांडते.

पालकांना, विशेषतः ज्यांना दहावीचे विज्ञान स्वतःला येत नाही अशा आयांना, मी एक काम देते. पोळ्या लाटताना मुलाला समोर बसवा आणि आज जे शिकलास ते पुस्तक न घेता मला समजेल असे सांग, असे म्हणा. तुम्हाला समजले नाही तर 'म्हणजे काय?' असे विचारा. एक ताई, ज्या चार घरी स्वयंपाकाला जातात, मला म्हणाल्या, "मला तर सातवीच्या पुढचं काही येत नाही हो बाई, मी काय विचारणार?" मी म्हटले, तुम्हाला येत नाही म्हणूनच तुमचा प्रश्न खरा असेल. आता त्यांचा मुलगा रोज रात्री त्यांना उत्क्रांती समजावून सांगतो, आणि जिथे त्याला सांगता येत नाही, ती जागा दुसऱ्या दिवशी मला येऊन विचारतो.

ती रडवेली मुलगी या मार्चमध्ये दहावी झाली. सहामाहीत तिचे गुण फारसे वाढले नव्हते आणि कोरा कागद समोर आला की ती दिवाळीपर्यंत वैतागत असे. पूर्वपरीक्षेच्या सुमारास मात्र आदल्या रात्री दहाला झोपण्याइतका धीर तिला आला होता. अकरावीत गेल्यावर तिने रसायनशास्त्रासाठी नवे खोके केले आहे, आणि जुने, तिसरा कप्पा भरलेले खोके अभ्यासिकेत आणून दिले. नव्या दहावीच्या मुलांनी त्यातल्या चिठ्ठ्या वाटून घ्यायचे ठरवले होते, पण ती म्हणाली की तयार चिठ्ठ्या घेऊ नका, प्रश्न स्वतःचे स्वतः लिहा, नमुन्यादाखल या पाहा. सोमवारपासून 'गुरुत्वाकर्षण' सुरू होते आहे. दर सोमवारी सहा वाजता पहिली दहा मिनिटे सगळी पुस्तके मिटून कोऱ्या कागदावर मागच्या आठवड्याचे आठवून लिहायचे आहे, तेव्हा पाठकोरे कागद कोणाकडे पडून असतील तर सभागृहात आणून द्यावेत.